नोकरी मिळाली, पत्र मिळेना

परदेशात पायलटची पहिली नोकरी कशी मिळवायची, असं मला विचारणारे सगळे मुलाखतीचंच विचारतात. सिममध्ये, म्हणजे विमानाच्या सिम्युलेटरवर, काय घेतात, एचआरवाले काय खोदून काढतात. ते थोडक्यात सांगते. सिममध्ये ऑटोपायलट आणि फ्लाइट डायरेक्टर (विमान कसं वळवायचं ते पडद्यावर दाखवणारी खूण) बंद करून उडवायला लावलं, टेकऑफच्या ऐन वेळी एक इंजिन बंद केलं, मग गटचर्चा आणि एका कॅप्टनबरोबर बऱ्यापैकी मोकळ्या गप्पा. सराव करून जा, निभावतं. माझं घोडं पेंड खायला लागलं ते ऑफर लेटर हातात पडल्यावर, आणि तेही एका पत्रापायी. अजून त्याचा विषय निघाला की डोकं तापतं.

आधी मूळ नियम, म्हणजे पुढचं कळेल. १९४४ च्या शिकागो कराराच्या ३२व्या कलमानुसार आंतरराष्ट्रीय उड्डाणावरच्या पायलटकडे, ते विमान ज्या देशात नोंदलेलं आहे त्या देशाने दिलेलं किंवा मान्य केलेलं लायसन्स लागतं. म्हणजे कंपनी कुठली हे बघून भागत नाही, विमानावरची नोंदणीची अक्षरंही बघायची. ९एच असेल तर माल्टा, ईआय असेल तर आयर्लंड. कंपनी एका देशातली आणि भाड्याने घेतलेलं विमान दुसऱ्याच देशात नोंदलेलं, हे या धंद्यात सर्रास चालतं. त्यात कधी दोन देश आपसात करार करून ही जबाबदारी कंपनीच्या देशाकडे सोपवतात. त्यामुळे तर्क लढवत बसू नका. मला कोणत्या देशाचं लायसन्स लागेल, असं एचआरला लेखी विचारा.

त्यात दोन वाटा. एक, नवा देश तुमच्या जुन्या लायसन्सला काही काळापुरती मान्यता देतो. जुन्या लायसन्सची किंवा मेडिकलची मुदत संपली की ही मान्यताही संपते. दुसरी, त्यांचं लायसन्स नव्याने काढायचं. युरोपात त्यासाठी एटीपीएलचे, म्हणजे एअरलाइन पायलटच्या लायसन्सचे, १३ लेखी पेपर आहेत, प्रत्येकात ७५ टक्के लागतात, आणि पहिला पेपर दिला की १८ महिन्यांत सगळे सोडवायचे. ब्रिटन २०२० च्या अखेरीस युरोपच्या सामाईक लायसन्स व्यवस्थेतून बाहेर पडलं, त्यामुळे तिथलं लायसन्स आता वेगळं. मला पहिल्या वाटेने जायचं होतं. कागदावर ही वाट सोपी दिसते.

दोन्ही वाटांवर एकच नाकं आहे, लायसन्सच्या खरेपणाचं पत्र. लायसन्स तुमच्या खिशात असतं, पण ते खरं आहे हे तुम्ही सांगून चालत नाही. ते ज्या कार्यालयाने दिलं, त्याने नव्या देशाच्या कार्यालयाला थेट कळवायचं. मधे तुम्ही हात लावायचा नाही. यामागचं कारण मला पटतं. जून २०२० मध्ये पाकिस्तानच्या विमान वाहतूक मंत्र्यांनी संसदेत २६०हून अधिक पायलटांच्या लायसन्सवर संशय घेतला, आणि व्हिएतनाम, मलेशियाने आपल्याकडच्या पाकिस्तानी पायलटांना तडकाफडकी जमिनीवर बसवलं. सुक्याबरोबर ओलंही जळालं. तपासणी हवीच. पण ती ज्या टेबलावर होते, तिथल्या माणसाला तुमच्या नोकरीचं काडीचंही सोयरसुतक नसतं.

मी अर्ज केला, शुल्क भरलं, लॉगबुकच्या (उड्डाणांच्या नोंदवहीच्या) पानापानावर शिक्का मारून घेतला. रोज विचारलं की एकच उत्तर: फाइल वर गेलीय. वर म्हणजे कुठे, हे कुणी सांगेना. शेवटी पत्र गेलं. नव्या देशाने ते परत पाठवलं, कारण इंग्रजीची पातळी त्यात लिहिलेलीच नव्हती. माझ्या लायसन्सवर ती स्पष्ट छापलेली आहे! पत्राचा मसुदा जुन्या ठरावीक नमुन्यावरचा, आणि त्या नमुन्यात इंग्रजीची ओळ नाही, म्हणून ती लिहायची नाही. वा!

दुसऱ्या खेपेला ओळ आली. पण कार्यालयाची मेलबॉक्स भरली होती, म्हणून तिथल्या साहेबांनी ते पत्र स्वतःच्या खासगी ईमेलवरून पाठवलं. त्यांनी मदत म्हणूनच केलं असणार. नव्या देशाने एका ओळीत कळवलं, सरकारी पत्त्यावरून आलेलंच स्वीकारू. मी पुन्हा त्याच खिडकीशी. तोवर सहीचा अधिकार असलेले अधिकारी रजेवर, आणि त्यांच्या जागी बसलेल्यांना सहीचा अधिकार नाही. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं!

वाट बघण्यात नुसता वेळ जातो असं नाही, कागदांच्या मुदतीही हातातून निसटतात. क्लास वन मेडिकल माझ्या वयाला १२ महिनेच चालतं, इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडवायच्या परवानगीची) तपासणीही वर्षाची. दोन्ही मुदती जवळ आल्या. इकडे एअरलाइनच्या टाइप रेटिंगच्या (ठरावीक प्रकारचं विमान उडवायच्या प्रशिक्षणाच्या) बॅचला सिम आधीच बुक केलेलं होतं. बॅच माझ्याशिवाय सुरू झाली. एचआरच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "पुढच्या बॅचमध्ये नक्की घेऊ." पुढची बॅच केव्हा, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

गाठ सुटली ती अशी. नव्या देशाच्या लायसन्सिंग टेबलावर फोन करून पत्रात नेमकं काय काय हवं ते लिहून घेतलं: लायसन्स क्रमांक, सगळी रेटिंग्ज मुदतींसह, मेडिकल, इंग्रजीची पातळी, काही मर्यादा आहेत का, काही कारवाई झालीय का. त्याबरहुकूम मसुदा स्वतःच टाइप करून नेला आणि साहेबांसमोर ठेवला. त्यांनी तो वाचला, फक्त तारीख बदलली आणि सही केली. दुसरं म्हणजे, एअरलाइनमध्ये क्रू लायसन्सिंग नावाचा विभाग असतो आणि त्यांची नव्या देशाच्या कार्यालयात रोजची ऊठबस असते, हे मला एचआरकडून नाही, एका को-पायलटकडून कळलं. त्या विभागातल्या माणसाने एक फोन केला आणि मेल पोचल्याची पोच मिळाली. त्या दिवशी मी मिठाई वाटायची तेवढी बाकी ठेवली!

आता आठवेल तसं. नोकरीच्या जाहिरातीत सर्वात खालची ओळ आधी वाचा. युरोपातल्या कंपन्या तिथे 'राहण्याचा आणि काम करण्याचा विनाअट हक्क हवा' असं लिहितात. तो नसेल तर बाकीची जाहिरात कितीही तुमच्यासाठी बनवल्यासारखी वाटो, सोडून द्या. अमेरिकेत २००९ च्या बफेलोजवळच्या अपघातानंतर २०१३ पासून एअरलाइनच्या को-पायलटलाही एटीपी (तिथलं एअरलाइन पायलटचं) सर्टिफिकेट लागतं, म्हणजे साधारणपणे १,५०० तास. कमी तासांवर तिकडे बघू नका. टाइप रेटिंग कंपनी करून देत असेल तर बाँडची (कंपनी न सोडण्याच्या हमीची) वर्षं आणि मधेच सोडल्यास किती भरायचं, हे सहीआधी वाचा. आणि नोकरी लावून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्या एजंटला पहिल्याच फोनवर वाटेला लावा.

नावाचंही बघा. पासपोर्टवर, लायसन्सवर आणि लॉगबुकवर नावाचा क्रम, स्पेलिंग अक्षर न् अक्षर सारखं हवं. वेगळं असेल तर ऑफर येण्याआधीच दुरुस्त करून घ्या, कारण दुरुस्तीचा अर्जही त्याच खिडकीत द्यावा लागतो.