पिशवी काढून पिशवी

‘हातात शस्त्रक्रिया होती, प्रॅक्टिस जमली असती, मग उंदरांच्या मागे कशाला लागलात?’ हा प्रश्न मला रेसिडेंट डॉक्टर विचारतात, नातेवाईक विचारतात आणि लग्नाच्या जेवणात शेजारी बसलेली अनोळखी माणसेही विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहितो.

मुंबईत युरॉलॉजी (मूत्रविकारांची शाखा) शिकत असताना एका निवृत्त गिरणी कामगाराचा मूत्राशयाच्या अस्तरात पसरलेला कॅन्सर बीसीजीला दाद देईनासा झाला. बीसीजी म्हणजे आपल्या दंडावर व्रण ठेवून जाणारी क्षयाची लस. ती नळीने मूत्राशयात सोडली की तिथली प्रतिकारशक्ती खवळते आणि कॅन्सरवर तुटून पडते, हे कॅनडातल्या अल्वारो मोरालिस यांनी 1976 साली अवघ्या नऊ रुग्णांच्या अनुभवातून मांडले होते. (आज पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही या उपचारासाठी बीसीजी तयार होते.) तिचा उपयोग संपला की मूत्राशय काढून, आतड्याच्या तुकड्यातून लघवीची वाट पोटावर आणणे हाच त्या काळी खात्रीचा इलाज होता. मी तो समजावून सांगितल्यावर ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, “म्हणजे डॉक्टर, पिशवी काढायची आणि पिशवी लावायची?”

ते वाक्य डोक्यातून गेले नाही, हे माझ्या उत्तराचे निम्मे कारण.

उरलेले कारण मूत्राशयाच्या रचनेत आहे. जनुकोपचारासाठी, म्हणजे पेशींत उपयोगी जनुक पोचवून करायच्या इलाजासाठी, इतका सोयीचा अवयव क्वचितच सापडेल, कारण तिथे नळीने औषध भरता येते, तासभर थांबवता येते आणि पुढे दुर्बिणीने परिणाम डोळ्यांनी पाहता येतो. अडचण एवढीच की, लघवीतले काही शरीरात परत मुरू नये म्हणूनच हे अस्तर घडलेले असते आणि जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूलाही ते दारातच अडवते. ज्या पेशीत जनुक पोचले ती निळी दिसावी, अशी रंगाची योजना प्रयोगात असते. अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत मी महिनोन्महिने उंदरांच्या मूत्राशयाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत होतो आणि फिकट पट्ट्यावर मला चार-पाच निळे ठिपके दिसत होते. सिन-3 नावाचा, साबणाच्या जातकुळीतला पदार्थ विषाणूसोबत मिसळल्यावर अस्तर सलग निळे होऊ लागले, तेव्हा कुठे या कामात जीव आहे असे वाटले.

सप्टेंबर 1999 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील जनुकोपचाराच्या चाचणीत जेसी गेल्सिंगर हा 18 वर्षांचा मुलगा दगावला. त्याला दिलेला वाहक विषाणू अॅडेनोव्हायरसच होता, म्हणजे आमच्याच कुळातला. ‘तुमचाही विषाणू तोच ना?’ असे सांगलीहून आईने फोनवर विचारले. मार्ग वेगळा आहे, त्याला तो यकृताच्या धमनीतून दिला होता, असे मी सांगितले. ते खरे होते, पण त्या रात्री माझेही समाधान झाले नाही.

डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने) नॅडोफॅराजीन फिराडेनोव्हेक या औषधाला मान्यता दिली. त्यात हाच वाहक आहे, सिन-3 आहे आणि इंटरफेरॉनचे, म्हणजे प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या प्रथिनाचे, जनुक आहे. नुसते इंटरफेरॉन मूत्राशयात भरले तर लघवीबरोबर निघून जाते. जनुक दिले तर पेशी ते स्वतःच काही दिवस बनवत राहतात. हे जनुक पेशीच्या गुणसूत्रांत कायमचे बसत नाही आणि अस्तराच्या पेशीही झडतात, म्हणून दर तीन महिन्यांनी 75 मिलिलिटरचा नवा डोस द्यावा लागतो. बीसीजी हरलेल्या 98 रुग्णांपैकी 51 टक्क्यांमध्ये कॅन्सर दिसेनासा झाला आणि त्यांतल्या 46 टक्क्यांमध्ये तो किमान वर्षभर परतला नाही. गणित केले तर वर्षानंतरही मोकळे असलेले रुग्ण चौघांत एक भरतात. उरलेल्या तिघांना मी ओपीडीत अजूनही तोच दोन पिशव्यांचा इलाज समजावतो आणि दुपारी प्रयोगशाळेत जातो.