थार की जिम्नी? माझं अडलं टेस्ट ड्राइव्हला

महिंद्राची थार आणि मारुतीची जिम्नी, दोन्ही ३९८५ मिलिमीटर लांब, दोन्ही चौकोनी, दोन्हींत माणसं चारच. मेव्हण्याचं आधीपासून चालू होतं, "दाजी, थारच घ्या, रुबाब आहे." कोटेशनं, कर्ज, बँक हे सगळं पटापट उरकलं.

अडलं ते टेस्ट ड्राइव्हला. कुठल्या शोरूममध्ये ते सांगत नाही. गाडी कधी कराडला गेलेली, कधी सर्व्हिसला, कधी "मोठे साहेब घेऊन गेलेत." फोन केला की "उद्या शंभर टक्के, सर." मी हाफ डे टाकून जायचो, चहा मिळायचा, गाडी नाही. एकदाची मिळाली, तर शेजारी बसलेला पोरगा म्हणतो, सर्व्हिस रोडने पुढच्या पुलापर्यंत आणि परत. मी म्हटलं, मला साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढवायचाय, चिमणपुऱ्यातल्या आमच्या बोळात वळवायचीय, आईला मागे बसवून बघायचंय. "पॉलिसीत बसत नाही, सर." मॅनेजर म्हणाला, "गाडी तीच ना, रस्ता कुठला का असेना!" आईंना शोरूममध्येच आणून बसवा, असंही वर सुचवलं. माझी सटकली. सर्व्हिस रोडला कुठलीही गाडी लोण्यासारखी चालते, मी काय तिथे राहायला जाणार आहे? बुकिंगचा चेक खिशातून काढून दाखवला, म्हटलं, घाट उतरून आलो की देतो. तासाभरात पॉलिसी बदलली. तुम्हीही हेच करा. चेक आधी हातात देऊ नका.

तरी घाटात त्या पोराने कोरड्या डांबरावर फोर-हाय, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा मोड, टाकायला सांगितलंच. टाकू नका. दोन्हींचं फोर बाय फोर पार्ट-टाइम आहे, म्हणजे गरजेपुरतंच टाकायचं. पुढचे-मागचे ॲक्सल एकत्र बांधले जातात, वळणावर गाडी अडखळते आणि गिअरबॉक्सवर फुकटचा ताण येतो. ते चिखलासाठी.

दोन्ही चालवून कळलं, चढाला थारच्या डिझेलला तोड नाही, टॉर्क (इंजिनची ओढ) ३०० न्यूटन मीटर. जिम्नीच्या पेट्रोलचा १३४. दुसरा गिअर टाकावा लागतो आणि इंजिन ओरडतं. पण बोळात पारडं फिरलं. जिम्नीची रुंदी १६४५ मिलिमीटर, थार तिच्याहून सुमारे सात इंच जास्त. समोरून रिक्षा आली की ते सात इंच कळतात. आई थारची पुढची सीट दुमडून मागे शिरायला गेली, अर्ध्यातून बाहेर आली आणि म्हणाली, "मी एसटीने येईन." जिम्नीला मागे वेगळी दारं आहेत. विषय संपला. (थार रॉक्सलाही आहेत, पण ती ४४२८ मिलिमीटर लांब. आमच्या बोळात तिचं नाव काढू नका.)

हां, एक राहिलं. थारच्या कोटेशनवर रिअर व्हील ड्राइव्ह (ताकद फक्त मागच्या चाकांना) की फोर बाय फोर ते नीट वाचा. २०२३ साली आलेली दीड लिटर डिझेल थार रिअर व्हीलचीच आहे. सप्टेंबर २०२५ पासून तिला जीएसटी १८ टक्के, जिम्नीला ४०, कारण लहान गाडीच्या सवलतीत पेट्रोलला १२०० सीसीची अट आहे. जिम्नीला मात्र सगळ्या मॉडेलांत फोर बाय फोर मिळतं. डिकी २०८ लिटरचीच, गावाहून तांदळाची पोती आणायची तर मागची सीट पाडा. आणि दोन्हींचं मागचं दार बाजूला उघडतं, तेव्हा रिव्हर्स घेऊन भिंतीला चिकटवून लावू नका.