मोजून भरा

रविवार, रात्रीचे साडेदहा

"बाई, पुढल्या टायमाला मोजून भरा." एवढंच म्हणाले वडील, आमच्या चर्चचे एल्डर. आवाज चढवला नाही, तोंडही वाकडं केलं नाही. पण ताटं आवरताना म्हणाले, सेक्रेटरी आणि महिला मंडळाच्या दोघी शेजारी उभ्या असताना. दुपारपासून ते वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही.

प्रभुभोजनाचे, मनुकांच्या रसाचे पेले मी मोजूनच भरले होते. ६४.

आपल्या ताटाला ४० खाचा. पहिलं ताट पूर्ण भरलं होतं, दुसऱ्यात २४ पेले होते. फिरून आलं तेव्हा पहिल्यातले दोन तसेच होते आणि दुसऱ्याचं झाकणसुद्धा कुणी काढलं नव्हतं. २६ पेले भरलेले. झाकण उचललं तर आत काचेवर बारीक वाफ धरलेली, आणि रस इतका स्थिर की त्यात खिडकीचे गज दिसत होते.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ६४ भरले आणि ६१ उचलले गेले. दिवाळी होऊन गेली तरी तेव्हा ऊसतोडीला नेणारे ट्रक लागले नव्हते. मग चार-पाच रात्रींत फळ्याच्या फळ्या, म्हणजे अख्ख्या वस्त्या, रिकाम्या झाल्या. ट्रक रात्रीच लागतात, सकाळी पाहावं तर दाराला कडी आणि अंगणात बांधलेली एखादी शेळी, शेजाऱ्यांच्या भरवशावर. हे मला ठाऊक होतंच. दर वर्षी असंच होतं. मग ६४ कसे भरले?

शुक्रवारपासून आठवून पाहिलं. मनुका निवडायला शुक्रवारी रात्री बसले. काळ्या मनुका पाव किलो, देठ काढून. बाजारच्या मनुकांना तेलाचा हात असतो, म्हणून कोमट पाण्यातून दोनदा काढाव्या लागतात. नाही तर रसावर तवंग येतो आणि काचेच्या पेल्यात तो लगेच दिसतो. एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत. शनिवारी त्याच पाण्यासकट मंद आचेवर वीस मिनिटं, मग रवीने नाही, हातानेच कुस्करायच्या, कारण रवीने बिया फुटतात आणि रस तुरट होतो. मलमलीतून गाळून पुन्हा एक उकळी. साखर अजिबात नाही. पाऊण लिटरच्या आसपास रस मिळतो. उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटलीत गरमच ओतायचा, बूच घट्ट लावायचं.

ही दुसरी उकळी वगळली की घोटाळा होतो. कुस्करताना हातातून, गाळताना फडक्यातून रसात आंबवण उतरतं. इथल्या उन्हात, त्यात लाइट गेलेली असली तर, दुसऱ्या दिवशी बाटलीच्या गळ्याशी बुडबुडे दिसतात आणि बूच काढताना फस्स आवाज येतो. दुसऱ्या कुठल्या मंडळीत चालूनही जाईल. आपल्याकडे नाही चालत. मोहाची दारू सोडून आलेली माणसं समोर बसलेली असतात, कुणाला दहा वर्षं झालीत, कुणाला दहा महिने. त्यांच्या नाकाला तो वास पेला ओठाशी यायच्या आत कळतो. म्हणून रस कायम ताजा, शनिवारचाच, आणि उरला तर पुढच्या महिन्यासाठी ठेवायचा नाही.

भाकरीचं त्यामानाने सोपं. पावाच्या कडा काढून एका चकतीचे सोळा तुकडे. उपासनेच्या आधी अर्ध्या तासात कापायचे, वर पिळून काढलेला ओला रुमाल. आधी कापले तर कडक होतात, ओल जास्त राहिली तर हाताला चिकटतात. चार चकत्यांचे ६४. म्हणजे तिथेही मी ६४ च केले.

आता पेले भरण्याचं. किटलीने भरले की ताटावर थेंब सांडतात आणि तासाभरात मुंग्या. म्हणून मेडिकलमधून २० मिलिलिटरची सिरिंज आणलेली आहे, सुई नसलेली. पेल्याला आठ मिलिलिटर, दोन-तृतीयांश भरतो. एका सिरिंजमध्ये दोन पेले होतात आणि थोडा उरतो. हात एकदा बसला की डोळ्यांची गरज पडत नाही.

आणि इथेच मला वाटतं ते झालं. मी एक, दोन, तीन असं मोजतच नाही. बसण्याच्या क्रमाने भरते. आधी दाराजवळची म्हातारी, तिला ताट आधी लागतं कारण मागे बसली तर उठवत नाही. मग तिच्या दोन्ही सुना. मग खांबाला टेकून बसणारी, तिची बहीण, बहिणीची नवी सून जिचा बाप्तिस्मा जूनमध्ये झाला. पुरुषांकडे पहिला ढोलकीवाला, त्याच्या मागे त्याचे भाऊ. सतरंजीच्या ओळी संपल्या की पेले संपतात. ते ६४ होतात, हे मला नंतर कळतं. काल रात्री हात त्याच वाटेने गेला. म्हातारीच्या सुना बारडोलीकडे आहेत, ढोलकीवाला आहे, त्याचे भाऊ नाहीत, हे सगळं डोक्यात होतं, हातात नव्हतं.

म्हणजे मोजून भरा म्हणणारा चुकला की भरणारी चुकली?

खरं सांगायचं तर दुपारी रडू आलं. नगर सोडून इथे येऊन इतकी वर्षं झाली, इथली मावची बोली कानाला कळते पण जिभेवर अजून नीट बसत नाही, बायका माझ्याशी मराठी बोलतात आणि मी वळले की आपसात मावचीत. ते मला कधी खुपलं नाही. पण मी चारचौघांत पाव किलो मनुकांचा हिशोब न कळणारी ठरले, हे खुपलं. हे मंडळीचे पाळक, यांना सांगितलं तर म्हणाले, "वडील खजिना बघतात, त्यांना बोलावं लागतं." म्हणाले आणि पेपर उघडला. जाऊ दे.

उरलेले पेले आपण परत बाटलीत ओतत नाही, मोरीतही नाही. कंपाउंडच्या कडुनिंबाच्या बुडाशी ओततो. आज २६ वेळा वाकले. एकेक ओतताना म्हटलं एकदम पातेल्यात घेऊन ओतावं, पण तसं केलं नाही. संध्याकाळी पाहिलं तर माती काळी, चिकट, आणि मुंग्यांच्या तीन वेगवेगळ्या रांगा. पेले लगेच गरम पाण्यात टाकायचे असतात, मनुकांचा रस सुकला की तळाला लाखेसारखा धरतो. साबण नाही, वास राहतो. गरम पाणी, मग उकळी, मग फडक्यावर पालथे. न वापरलेलेही धुवावेच लागतात. आज ६४ च धुतले.

या बंगल्यात आपल्या आधी राहून गेलेल्यांचं वेळापत्रक नेमकं उलटं होतं. स्वीडनहून, अमेरिकेहून आलेली ती मिशनरी कुटुंबं पावसाळाभर अडकून असायची. रंगावली नदीला पाणी, गाड्या रुतायच्या, मग भाषेचा अभ्यास आणि दवाखाना. खरा दौरा थंडीतला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बैलगाडीवर तंबू, पाण्याची भांडी, औषधांची पेटी, गीतांची पुस्तकं. तेव्हा वाटा सुकलेल्या, भात कापून झालेलं, आणि संध्याकाळी गेलं की अख्खं गाव घरी. एका मुक्कामावर सात-आठ दिवस राहून आजूबाजूची गावं करायची. थंडी हाच कापणीचा हंगाम, असं त्यांच्या कामाचं सगळं गणित. आता थंडी हाच गाव रिकामं होण्याचा हंगाम. तंबू घेऊन आज कुणी आलं तर म्हातारे आणि शेळ्या भेटतील.

त्यांची मुलं कोडाईकॅनॉलच्या शाळेत असायची. ती शाळा १९०१ ची, मिशनरी कुटुंबांच्या मुलांसाठीच काढलेली. इथून तिथे पोचायला कित्येक गाड्या बदलायच्या. त्या आया ताटात पेले किती भरायच्या कोण जाणे. आमची मोठी तर नगरलाच आहे, एका रात्रीची बस. तो विषय आज नको.

माणसं जातात ती काही नाहीशी होत नाहीत. गाडीत बसलं की नवापूर स्टेशनचा अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये; तिथूनच उकाई सोनगढ, व्यारा, बारडोली. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत आखाजीच उजाडते. पहाटे फडात, दुपारी मोळ्या, आणि गाडी कधी येईल ते कारखान्यावर. रात्री अकराला आली तर अकराला भरायची.

म्हणून पडावावर, म्हणजे ऊसतोडीच्या तळावर, प्रभुभोजन करणं अवघड जातं, आणि चुका नेमक्या ठरलेल्या होतात. सहाला गेलं तर बायका चुलीपुढे. नऊला गेलं तर माणसं बसल्या जागी झोपतात. साडेसात ते सव्वाआठ, तेवढीच फट. आधी मुकादमाला सांगायचं, लाउडस्पीकर नाही, अर्पणाची थैली तर अजिबात न्यायची नाही. एक गीत, वचन मराठीतून वाचून बोलीत समजवायचं, प्रार्थना पूर्ण बोलीतच. मराठीत केली की लोक मान खाली घालून ऐकतात, बोलीत केली की मधे मधे स्वतःच नावं घालतात, घरी राहिलेल्या पोरांची, आजाऱ्यांची. मधेच गाडीचा हॉर्न वाजला तर पुरुष उठून जातात. ताट त्यांच्यासाठी थांबवायचं नाही, परत आल्यावर वेगळं द्यायचं. काचेचे पेले नेले तर अर्धे फुटून येतात, म्हणून प्लास्टिकचे. बाटली ओल्या नॅपकिनमध्ये गुंडाळून. पाव तिथे मिळतो असं धरून जायचं नाही.

गेल्या वर्षी एकच पडाव झाला, तोही जानेवारीत. नाताळला दोन दिवस येतो म्हणाले होते, मुकादमाने सोडलं नाही. हे या वर्षी तरी आधी जाणार आहेत का, विचारलं तर बघू म्हणाले.

वडिलांचं एक मात्र खरं आहे. अर्पण निम्म्यावर येतं या दिवसांत, संडेस्कूलला नऊ पोरं, आणि रॉकेलपासून खडूपर्यंत सगळं त्यांच्याच वहीतून जातं. पाव किलो मनुका त्यांना दिसतात, दिसायलाच हव्यात. मला राग त्या शब्दाचा आला होता, माणसाचा नाही.

आणि हे आत्ता, लिहिताना लक्षात आलं. त्यांचा धाकटा या वर्षी पहिल्यांदाच गेलाय, बायकोसकट. झाकण मी उचललं तेव्हा ते माझ्या समोरच उभे होते. त्या २४ मध्ये त्यांचेही दोन होते. मग त्यांनी "मोजून भरा" म्हटलं ते नेमकं कशाला…

सभासद यादी काढून बसले आहे. २६ मधली एक चिंचपाड्याच्या दवाखान्यात, एक माहेरी बाळंतपणाला. राहिले २४, दुसऱ्या ताटात होते तितकेच. पडावाप्रमाणे लावून पाहिले. बारडोलीच्या अलीकडे १०, त्याच्या पुढच्या रस्त्यावर ८, व्याऱ्याकडे ४. शनिवारी दुपारच्या गाडीने निघालं तर एका फेरीत पहिले दोन होतात, तिसरा रविवारी परतताना. २२ जणांना रस पावशेरसुद्धा लागणार नाही, पण बाजूच्या गावांचेही बसतात, अर्धा लिटर न्यावा. प्लास्टिकचे पेले ५०. मनुका घरात १०० ग्रॅमच उरल्यात, उद्या आणायच्या, आणि या वेळी माझ्या पैशाने.

दोघांच्या नावापुढे जागा रिकामीच आहे. त्यांचा पडाव मला माहीत नाही, यांनाही नाही. वडील सकाळी सातला दूध घालायला येतात, तेव्हा विचारते.