मडगावचे माड, मुंबईचे नारळ

मार्च २०२१ मध्ये इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या उपांत्य फेरीत मुंबई सिटी आणि एफसी गोवा समोरासमोर आले, तेव्हा नेरुळच्या आमच्या इमारतीत दोनच माणसांचा जीव टांगणीला लागला होता : माझा, आणि समोरच्या दारातल्या, मूळच्या मडगावच्या काकांचा. मी मुंबईचा चाहता झालो तो २०१४ मध्ये, कारण तेव्हा संघाचे घरचे सामने डी. वाय. पाटील स्टेडियमवर होत आणि तिथे मला चालत जाता येई. त्या उपांत्य फेरीतला पहिला सामना २-२ असा सुटला. मुंबईचे दोन्ही गोल करणारे ह्युगो बुमूस आणि मुर्तदा फॉल आदल्याच हंगामात गोव्याच्या जर्सीत होते. फॉलचा गोल होताच काकांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि म्हणाले, "अरे, आमच्या बागेतले माड मुळासकट उपटून तुम्ही आपल्या अंगणात लावलेत आणि वर म्हणता, नारळ आमचे!" दुसरा सामना गोलशून्य राहिला, पेनल्टींवर मुंबई ६-५ अशी जिंकली आणि पुढे अंतिम सामनाही जिंकली.

काकांचे म्हणणे खोडून काढणे अवघड होते. २०१९-२० मध्ये गोवा गुणतक्त्यात अव्वल होता. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना त्या हंगामातच गोव्याने दूर केले होते, हे मी काकांना आवर्जून ऐकवत असे. पण लोबेरा मुंबईत आले तेव्हा बुमूस, फॉल, अहमद जाहू आणि खुद्द गोव्याचा मंदार राव देसाई हेही आले. २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबईचा ६५ टक्के हिस्सा घेतल्यामुळे हे सारे परवडू शकले. तरी माझ्या मते पैशापेक्षा मोठी खरेदी वेगळीच होती. जाहूचा लांब पास कुठे पडणार हे फॉलला आणि बुमूसला ठाऊक होते. एरवी जी ओळख जुळायला दोन हंगाम जातात, ती शेजाऱ्याच्या खर्चाने आधीच जुळलेली होती. परदेशातून तितकाच चांगला खेळाडू आणता येतो, पण त्याने आपल्याच लीगमध्ये, आपल्याच प्रतिस्पर्ध्यांसमोर स्वतःला सिद्ध केलेले नसते, आणि त्याच्या जाण्याने आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या संघात खिंडारही पडत नाही.

हेच जर्मनीतला बलाढ्य क्लब बायर्न म्युनिक करतो तेव्हा मात्र मी वर्षानुवर्षे नाक मुरडत आलो होतो. २३ एप्रिल २०१३ रोजी, म्हणजे त्याच लीगमधल्या बोरुसिया डॉर्टमुंडच्या चॅम्पियन्स लीग उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी, डॉर्टमुंडचा मारिओ गोट्झे बायर्नला जाणार असल्याचे जाहीर झाले. त्याच्या करारात ३ कोटी ७० लाख युरोचे रिलीज क्लॉज होते. तेवढी रक्कम मोजली की डॉर्टमुंडच्या होकाराची गरजच उरत नव्हती. दुसऱ्या दिवशी डॉर्टमुंडच्याच रॉबर्ट लेवांडोव्स्कीने रिआल माद्रिदवर चार गोल केले, आणि पुढच्या वर्षी तोही करार संपताच बायर्नला गेला, एकही युरो न देता. २०१६ मध्ये कर्णधार माट्स हुमेल्सने तीच वाट धरली.

या साऱ्याची किल्ली तिजोरीपेक्षा करार संपण्याच्या तारखेत असते. कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडूला दुसऱ्या क्लबशी उघडपणे बोलता येते, आणि युरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बोसमान निकालानंतर करार संपलेल्या खेळाडूसाठी जुन्या क्लबला काहीच द्यावे लागत नाही. म्हणून शेवटचे वर्ष उजाडले की लहान क्लबची पंचाईत होते : आता विकले तर चार पैसे तरी येतात, पण ज्याच्याशी अजिंक्यपदासाठी झुंजायचे त्याच्याच हाती शस्त्र द्यावे लागते, अडवून धरले तर एक हंगाम मिळतो आणि मग खेळाडू फुकटात जातो. लेवांडोव्स्कीच्या वेळी डॉर्टमुंडने दुसरा मार्ग निवडला. त्यांनी चूक केली असे मला वाटत नाही, कारण त्या अखेरच्या वर्षातही तो बुंडेसलीगात, म्हणजे जर्मन लीगमध्ये, सर्वाधिक गोल करणारा ठरला. जर्मनीतल्याच शाल्के क्लबचा लिऑन गोरेत्झ्काही २०१८ मध्ये असाच फुकटात बायर्नला गेला. इटलीत युव्हेंटसने २०१६ मध्ये, आदल्या हंगामात ३६ गोल केलेल्या गोन्झालो इग्वाइनसाठी नापोलीला ९ कोटी युरो मोजले. रक्कम डोळे फिरवणारी होती, पण तिथेही रिलीज क्लॉजच होते.

बायर्नने २०१३ ते २०२३ अशी सलग ११ अजिंक्यपदे मिळवली. मात्र त्याच बायर्नने डॉर्टमुंड दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असताना त्यांना २० लाख युरो उसने दिले होते, ही गोष्ट जर्मनीत अजूनही चवीने सांगितली जाते. शेजारी जगायला हवा, फक्त वरचढ होता कामा नये, असा काहीसा हिशेब त्यामागे असावा, अशी मला शंका आहे.

मे २०२४ मध्ये मुंबईने कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असे हरवून करंडक आणला आणि त्याच उन्हाळ्यात आमच्या मधल्या फळीचा कणा असलेला अपुइया मोहन बागानला गेला. पुढच्या हंगामात बागानने गुणतक्त्यातले पहिले स्थान आणि अंतिम सामन्याचा करंडक दोन्ही जिंकले. बातमी आली त्या दिवशी काकांनी बेल वाजवली आणि चप्पल न काढताच दारातून विचारले, "काय रे, तुझ्या अंगणातला माड कुठे गेला?" मी मोठ्या तावातावाने मोहन बागानच्या पैशाविषयी बोलू लागलो. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आणि तुम्ही त्याला आणला होता कुठून?"

नॉर्थईस्ट युनायटेडकडून, २०२१ मध्ये.