पद्मिनी अपडेट : गरम झाली की चालू होईना, पण ते व्हेपर लॉक नव्हतंच

तर मंडळी, आपली पद्मिनी (प्रीमियरची जुनी कार) सकाळी एका सेल्फात चालू होते, बीडातल्या बीडात दिवसभर फिरवा काही म्हणत नाही, पण दुपारी मांजरसुंब्याचा घाट चढून वर आलं, चहाला बंद केली की मग खेळ खलास. सेल्फ जोरात फिरतोय, बॅटरी ठणठणीत, इंजिन मात्र उचलायलाच तयार नाही. पाऊण तास थांबा, मग काही झालंच नाही अशा थाटात चालू.

आता मे महिना, बाहेर 42 डिग्री, त्यामुळं ज्याला विचारावं तो एकच सांगायला, व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेनं पेट्रोलची पाइपातच वाफ होऊन पुरवठा अडतो. गॅरेजवाले चाचा म्हणाले, "ओलं फडकं टाक एसी पंपावर, चालू होतीय." (एसी पंप म्हणजे टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरकडं ढकलणारा पंप, एअर कंडिशनरचा नव्हे.) आणि खरंच होते की राव! म्हणून तर सगळ्यांचा विश्वास बसलाय. त्यात आता ई-20 पेट्रोल (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं) आलंय तर काहीही झालं की इथेनॉलवर ढकलायचं, आपल्याच भागातल्या कारखान्यांचं इथेनॉल अन् शिव्याही त्यालाच. जुन्या रबरी पायपांना अन् पंपाच्या पडद्याला (डायफ्रामला) ते चांगलं नाही हे खरंय, मी पाईप आधीच बदललेत, पण प्रत्येक आजार त्याचा नसतो.

मला खटकलं ते हे की फडकं भिजवून, टाकून, थांबून, परत सेल्फ मारेपर्यंत निम्मा तास जातो. तेवढ्या वेळात बोनेटखालचं सगळंच थंड होतं, नुसता पंप नाही. मग श्रेय फडक्याला का द्यायचं?

म्हणून पुढच्या वेळी घाटावर बंद पडली तेव्हा फडकं डिक्कीतच ठेवलं आणि आधी करंट, म्हणजे प्लगची ठिणगी, बघितला. एक प्लग काढून वायरीला लावला, इन्सुलेटेड पक्कडीनं इंजिनला टेकवून धरला, पोराला म्हणलं मार सेल्फ. काहीच नाही, साधी पिवळी ठिणगी पण नाही. मग ठिणगी उडू नये म्हणून चावीकडून कॉईलला (बारा व्होल्टचे ठिणगीसाठी हजारो व्होल्ट करणारा डबा) येणारी वायर काढून ठेवली, कार्बोरेटरकडचा पेट्रोल पाईप सोडून बाटलीत धरला (गरम इंजिनपासून लांब, हे विसरू नका, भडका उडाला तर गाडीसकट जाल) आणि परत सेल्फ. पेट्रोल ठोक्या-ठोक्यानं व्यवस्थित येत होतं, बुडबुडे नाहीत. व्हेपर लॉक असता तर पंप नुसती वाफच ढकलत बसला असता. म्हणजे पेट्रोलची केस तिथंच बंद.

आता करंट कुठं अडकलाय ते शोधायचं. बारा व्होल्टचा बल्ब घेतला, एक टोक बॉडीला. कॉईलच्या प्लसला लावला तर लख्ख. मायनसला लावून सेल्फ मारला तर बल्ब लुकलुकायला, म्हणजे डेल्कोतले (डिस्ट्रिब्युटर, प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा) पॉइंट उघडझाप करायलेत अन् कॉईलची आतली प्रायमरी (जाड तारेचं वेटोळं) तुटलेली नाही. तरी कॉईलवरून डेल्कोकडं जाणाऱ्या जाड मेन वायरीतून करंट नाही. राहिले दोघंच, कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा छोटा डबा) नाहीतर कॉईल. कंडेन्सर स्वस्त, स्पेअर खिशातच होता, बदलला, फरक शून्य.

मग ते फडकं काढलं डिक्कीतून आणि फक्त कॉईलवर गुंडाळलं, एसी पंपाला थेंब पण लागू दिला नाही. थोड्याच वेळात निळी, कडक ठिणगी! गाडी चालू.

घरी आल्यावर मल्टीमीटर लावला. प्रायमरी थंड असो का गरम, तीन ओमच्या आसपासच. सेकंडरी (बारीक तारेचं, जास्त व्होल्ट काढणारं वेटोळं) थंड असताना सात-आठ हजार ओम दाखवायली, पण चांगली तापल्यावर आकडा उड्या मारायला लागला आणि शेवटी ओपन. आतली बारीक तार कुठंतरी तुटलेली असणार, गार असताना टोकं चिकटतात अन् तापली की सुटतात. त्यामुळं दुकानात थंड कॉईल मोजून "चांगलीय" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, गरम असतानाच मोजा.

नवीन कॉईल घेताना एक बघा, दीड ओमवाली बॅलस्ट रेझिस्टरसाठी (कॉईलचा करंट कमी करणारा वेगळा रोधक) असते. आपल्या गाडीत तो रेझिस्टर नाही, तशी लावली तर बारा व्होल्टवर चार ॲम्पियरच्या जागी आठ जातात, पॉइंट जळतात अन् कॉईल पण तापते. दुकानदार "सगळ्याला बसतीय" म्हणतोच, त्याला बसायचं काय जातंय. तीन ओमवालीच मागा. आणि गाडी बंद असताना चावी ऑनवर ठेवून गाणी ऐकत बसू नका, पॉइंट मिटलेले असले तर कॉईल आतल्या आत शिजत राहते. आमच्या पुतण्याला ही सवय होती, कॉईल त्यानंच घालवली असं म्हणत नाही, पण आता चावी माझ्याकडंच असते.

नवीन कॉईल लावून ऐन दुपारी घाट चढून आलो, वर मुद्दाम बंद करून चहा घेतला, हाफ सेल्फात चालू. आता पुढचं काम एसी पंपाचा पडदा, जुनाच आहे अन् ई-20 त्याला सोडणार नाही. इथेनॉलला टिकणारा पडदा कुणाला संभाजीनगर किंवा नांदेडकडं मिळाला असेल तर सांगा, बीडात तर "होतंय, चालतंय" याच्यापुढं कुणी जाईना.