जाळी आधी, पेटी नंतर : आमची वाटचाल

आमच्या कारखान्याच्या पाटीवर आज ‘धूरपेट्या व जाळ्या’ (मांस-मासे धुरावर शिजवायच्या पेट्या आणि त्यांतल्या जाळ्या) असे लिहिलेले असले, तरी सुरुवातीची काही वर्षे तिच्यावर ‘गेट, ग्रिल, शटर’ एवढेच होते, आणि त्यातल्या ‘ग्रिल’ या शब्दानेच आम्हाला या धंद्यात ओढले. ज्यांनी उभा जन्म वर्कशॉपमध्ये मुलांना कानस धरायला शिकवण्यात घालवला आणि ज्यांना आम्ही पुढे मास्तर म्हणू लागलो, ते निवृत्त गृहस्थ एके सकाळी आले आणि ‘एक ग्रिल करून हवी’ म्हणाले. मी सवयीने वही उघडून विचारले, ‘खिडकी किती बाय किती?’ त्यांनी काखेतून पुठ्ठ्याची गोल चकती काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ‘खिडकी नाही, पिंप आहे. आणि गोल दिसतंय तसं ते गोल नाही.’

चकतीवर पेन्सिलीने दोन रेघा मारून मापे लिहिली होती : एकीकडे 572 मिलिमीटर, दुसरीकडे 564. दोनशे लिटरच्या नव्या पिंपाचा आतला व्यास 572 च्या आसपास असतो, पण हाताळणीत ते कुठे ना कुठे दबलेले असते. मास्तरांनी घरी त्याची धूरपेटी केली होती. खाली निखाऱ्यांची टोपली, बुडाशी हवेसाठी तीन छिद्रे, वर झाकण आणि झाकणाला धुराडे, एवढा साधा मामला होता. फक्त जाळी बसत नव्हती, कारण तयार मिळणारी जाळी एक तर पिंपात उतरत नव्हती, नाही तर आधाराच्या बोल्टांवरून घसरून निखाऱ्यांत पडत होती.

ती पहिली जाळी आम्ही चुकीची केली, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. खर्च वाचावा म्हणून बाहेरचे गोल कडे एम.एस.चे, म्हणजे साध्या पोलादाचे, घेतले, सळ्या मात्र 304 ग्रेडच्या एस.एस.च्या, म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या, घेतल्या, आणि प्रत्येक सळई दोन्ही टोकांना वेल्डिंगने पक्की केली. टेबलावर जाळी आरशासारखी सपाट होती. पंधरा दिवसांनी मास्तर ती परत घेऊन आले, तेव्हा मधल्या सळ्या कमानीसारख्या वर उचलल्या होत्या आणि त्यांतल्या दोघींचे वेल्डिंगचे टाके तुटले होते. ते रागावले नाहीत. त्यांनी माझ्याच वहीत हिशेब मांडला. तापमान 200 अंशांनी वाढले, तर 560 मिलिमीटरची 304 ची सळई सुमारे 2 मिलिमीटर लांबते, एम.एस. त्याच मापाला दीड मिलिमीटरही लांबत नाही. उरलेल्या अर्ध्या-पाऊण मिलिमीटरला दोन्ही टोकांना दार बंद असल्यावर सळई बाकावाचून राहत नाही, आणि एवढ्याशा जादा लांबीला ती मध्यभागी सेंटीमीटरभर उचलते. ज्यांना हे खरे वाटत नाही त्यांनी पोलादी पट्टी दोन विटांमध्ये घट्ट बसवून एक वीट नुसती नखभर सरकवून पाहावी.

कडे एस.एस.चे केले तरी प्रश्न पूर्ण सुटत नाही, कारण सळ्या निखाऱ्यांच्या थेट वर असतात आणि कडे पत्र्याच्या कडेला तुलनेने थंड राहते. म्हणून दुसऱ्या जाळीला आम्ही 25 बाय 5 मिलिमीटरची पट्टी वाकवून कडे केले, प्रत्येक सळई एका टोकाला आर्गॉन वायूच्या वेल्डिंगने टाकली आणि दुसरे टोक कड्यातल्या 9 मिलिमीटरच्या छिद्रात मोकळे ठेवले. मध्ये खालून एक आडवी पट्टी दिली, तीही सळयांना नुसता आधार देणारी, न जोडलेली. आजही आमची प्रत्येक जाळी याच तत्त्वावर होते, आणि तिच्यात जे काही कसब आहे ते छिद्रांत आहे. 304 ला भोक पाडताना ड्रिल नुसते घासत राहिले, तर तिथला धातू कडक होतो आणि मग पुढचे ड्रिलही बोथट होते. म्हणून फेरे कमी, दाब एकसारखा आणि तेल भरपूर. मधली छिद्रे सरळ पडतात, पण कडेच्या सळ्या कड्याला तिरक्या भेटतात, म्हणून तिथली छिद्रे गोल कानशीने आडवी लांबट करावी लागतात. हे काम यंत्रावर होते, असे मला अनेकांनी सांगितले आहे. होत असेल, आम्ही अजून हातानेच करतो, आणि ज्या मुलाला कानस एका दिशेने चालवता येत नाही त्याला मी पहिले तीन महिने वेल्डिंगला हात लावू देत नाही.

सळई 8 मिलिमीटरचीच घ्यावी. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो, त्यामुळे 8 ची सळई 6 च्या सळईपेक्षा तिप्पट ताठ असते, आणि वजन मात्र दुपटीलाही पोहोचत नाही. सळयांमध्ये 12 मिलिमीटरची फट ठेवली, तर पिंपाच्या जाळीला 28 सळ्या लागतात आणि कड्यासकट तिचे वजन सहा-सात किलोंच्या घरात जाते. गिऱ्हाईक वजनाची तक्रार करते, तेव्हा मी त्याला ती एका हाताने उचलायला सांगत नाही, दोन हातांनी सांगतो.

आता भागीदारांविषयी. नाव घेणार नाही, कारण त्यांच्या मुलाबाळांशी माझे काही भांडण नाही. पहिल्या चार वर्षांत ते आणि मी एकाच टेबलावर जेवत होतो. हिशेब ते पाहत, काम मी पाहत असे. चौथ्या वर्षाच्या शेवटी त्यांनी स्वतंत्र दुकान काढले आणि आमचीच जाळी, आमच्याच मापात, दोन्ही टोके जोडून विकायला सुरुवात केली. त्यामागचे त्यांचे गणित मला पाठ आहे. मोकळ्या टोकांची जाळी हातात घेऊन हलवली की वाजते, आणि दुकानात आलेला माणूस ती हलवून पाहिल्याशिवाय राहत नाही. ते आमच्या जाळीला ‘खुळखुळा’ म्हणत, गिऱ्हाइकासमोर दोन्ही जाळ्या हलवून दाखवत, आणि ‘ज्यांना नीट टाके मारता येत नाहीत ते टोके मोकळी ठेवतात’ असे सांगत. थंड जाळी हलवून तिची परीक्षा करणाऱ्या माणसाला विस्तवावरची गोष्ट समजावणे किती अवघड आहे, हे मी त्या वर्षी शिकलो.

त्याच सुमारास आमच्यावर खरे संकट आले. एका मोठ्या स्वयंपाकघराला दिलेल्या चाळीस जाळ्या महिन्याभरात तांबूस ठिपक्यांसह परत आल्या. एस.एस.ला गंज म्हणजे आमच्या धंद्यात तोंड लपवण्याची गोष्ट. भागीदारांनी लगेच पसरवले की आम्ही 304 च्या नावाखाली 202 हा हलका ग्रेड वापरतो. ही शंका अगदीच हवेतली नव्हती : 202 मध्ये निकेल 4 ते 6 टक्के असते, 304 मध्ये 8 च्या पुढे, आणि 202 मध्ये निकेलची जागा बरीचशी मॅंगनीजने भरलेली असते. दोघांनाही चुंबक सहसा धरत नाही, त्यामुळे चुंबक लावून 304 ची खात्री करणारे सगळे स्वतःला फसवतात. उलट थंड असताना साच्यातून ओढून काढलेली अस्सल 304 ची सळई चुंबकाला थोडी धरते, आणि लोक तीच नकली म्हणून परत करतात.

मी सळया देणाऱ्या व्यापाऱ्यावर तुटून पडलो. त्याचे बिल अडवले, चारचौघांत बोललो आणि माल बंद केला. तो शांतपणे म्हणाला, ‘तपासून घ्या, मग बोला.’ क्ष-किरणांच्या यंत्राने धातू तपासून आणला, तर तो 304 च निघाला. त्या कागदाकडे मी बराच वेळ पाहत बसलो होतो, कारण व्यापारी दोषी नसेल तर दोष माझ्याच छपराखाली होता.

तो मास्तरांनी शोधला. त्यांनी एक जाळी उजेडात तिरकी धरली, भिंगाने पाहिली आणि मला जवळ बोलावले. गंज सगळ्या सळईवर नव्हता. टाक्याच्या आजूबाजूला ग्राइंडर फिरला होता तिथेच, डिस्कच्या वळणावळणाने, बारीक चापांमध्ये तो बसला होता. ‘ही सळई गंजलेली नाही,’ ते म्हणाले, ‘हिच्यावर तुमचं गेट गंजलंय.’ आम्ही दिवसा एम.एस.च्या गेटवर चालवलेली डिस्क आणि तारेचा ब्रश संध्याकाळी त्याच जाळ्यांवर चालवत होतो. लोखंडाचे कण एस.एस.मध्ये रुतून बसत होते आणि पहिल्या ओलाव्यालाच गंजत होते. खात्रीसाठी त्यांनी मोरचुदाच्या पाण्यात किंचित गंधकाम्ल घालून ते एका टाकाऊ तुकड्यावर सहा मिनिटे ओले ठेवले. जिथे लोखंड रुतले होते तिथे तांब्याचा गुलाबी थर चढला, बाकी सळई जशीच्या तशी राहिली. ही चाचणी तुकड्यावरच करावी, ज्यावर अन्न ठेवायचे त्या जाळीवर करू नये.

चाळीसच्या चाळीस जाळ्या आम्ही स्वखर्चाने परत घेतल्या आणि पिकलिंग पेस्टने, म्हणजे धातूचा पृष्ठभाग साफ करणाऱ्या आम्लाच्या लेपाने, साफ केल्या. त्या पेस्टमध्ये नत्राम्लाबरोबर हायड्रोफ्लोरिक आम्ल असते, आणि ते कातडीतून आत उतरते. हातमोजे, चष्मा आणि शेजारी त्यावरचा उपाय म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम असल्याशिवाय ती डबी उघडू नये. तोवर दुसऱ्या ऑर्डरी थांबल्या होत्या, हप्ते थकले होते, आणि दोन कारागीर भागीदारांकडे गेले होते. त्या तीन महिन्यांत कारखाना बंद झाला नाही, याचे एक कारण म्हणजे मास्तर रोज दहाला येऊन बसत आणि कोणी विचारले तर ‘मी यांचा गिऱ्हाईक आहे’ एवढेच सांगत. व्यापाऱ्याची मी घरी जाऊन माफी मागितली. त्याने माल पुन्हा सुरू केला, पण उधारी मात्र कधीच दिली नाही, आणि मीही ती मागितली नाही. एस.एस.च्या कामासाठी आम्ही वेगळी खोली केली. तिथल्या डिस्कांवर निळा रंग असतो, आणि बिनरंगाची डिस्क त्या उंबऱ्याच्या आत नेणाऱ्याला त्या दिवशी घरी पाठवले जाते. त्या चाळीस जाळ्यांची ऑर्डर देणारे गिऱ्हाईक मात्र परत आले नाही.

त्यानंतरची सहा वर्षे काम वाढत गेले, एवढेच सांगण्यासारखे आहे.

पूर्ण धूरपेट्या करायला आम्ही लागलो ते लोकांच्या पेट्या पाहून. जाळी उत्तम आणि पेटी जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची, असे प्रकार इतके आले की शेवटी पेटीही आपणच करावी असे ठरले. जस्त 419 अंशांना वितळते, आणि निखाऱ्यांना टेकलेला पत्रा तिथवर सहज पोहोचतो; त्याहून तापला तर जस्ताचा धूर अंगात ज्वर आणतो. म्हणून असा जस्ताचा, म्हणजे जी.आय., पत्रा धूरपेटीत कुठेही नको. जुने पिंप घ्यायचे असेल, तर त्यात पूर्वी काय होते हे कळल्याशिवाय घेऊ नये, आतला रंग जाळून पूर्ण काढावा, आणि बंद पिंपाला कटिंगची ज्योत तर कधीच लावू नये, कारण रिकाम्या दिसणाऱ्या पिंपातली वाफ फुटते.

मला न विचारताही लोकांना सांगावेसे वाटते ते असे की धूर दाट दिसला म्हणून काम चांगले चालले आहे असे समजू नये. हवा कोंडली की लाकूड धुमसते, पांढरा दाट धूर निघतो आणि मांसावर व माशांवर कडू डांबरट थर बसतो. चांगला धूर विरळ, निळसर असतो आणि जवळजवळ दिसत नाही. त्यासाठी धुराड्याची झडप उघडीच ठेवावी आणि आच खालच्या छिद्रांनी आवरावी. राळ असलेले चिडासारखे लाकूड वापरू नये. गरम धुरीला 105 ते 120 अंश पुरे असतात, पण ते जाळीच्या उंचीवर मोजलेले हवेत, झाकणावरच्या काट्याने नाही, आणि तो काटाही कधीतरी उकळत्या पाण्यात बुडवून पाहावा. जाळी तारेच्या ब्रशने घासू नये. तुटलेली तार जाळीला चिकटून अन्नात जाते आणि घशात अडकते. जाळी कोमट असताना लाकडी खरवडणीने काजळी काढली, तर ब्रशची गरजच पडत नाही.

मास्तरांची दुसरी जाळी अजून त्यांच्या पिंपात आहे. पिंप दोनदा बदलले, जाळी तीच राहिली, फक्त एका सळईचे छिद्र झिजले म्हणून कड्याला तिथे मी नवा तुकडा बसवला. भागीदारांचे दुकान चालू आहे आणि चांगले चालू आहे. हे मला आवडत नाही, पण खोटे कशाला लिहू. त्यांच्या जाळ्या दुरुस्तीला आमच्याकडे येतात. गेल्या आठवड्यात एक तरुण जोडपे अशीच कमान झालेली जाळी घेऊन आले. आम्ही तिच्या 28 सळ्यांची टोके कापली, त्या सरळ केल्या, कडे बदलले, छिद्रे पाडून कानसली आणि संध्याकाळी जाळी त्यांच्या हाती दिली. त्या तरुणाने ती दोन हातांनी उचलली, हलवली, कान लावला, पुन्हा हलवली आणि काळजीने विचारले, ‘काका, एका बाजूचे टाके राहिले का हो?’