बाबांच्या ताटातला बटाटा आणि कोबी-बेकन

मार्चमध्ये बाबांना मधुमेह निघाला. एचबीएवनसी ८.१. हा आकडा मागच्या साधारण तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देतो आणि ६.५ किंवा त्याच्या वर गेला की मधुमेह धरतात, हे आम्हाला डॉक्टरांसमोर बसल्यावरच कळलं. गोळी सुरू झाली, संध्याकाळचं चालणं ठरलं, आणि मग डॉक्टरांनी ताटाचा विषय काढला. भात अर्धी वाटी, तीनच्या जागी एक पोळी किंवा भाकरी, बटाटा बंद.

भात आणि पोळी बाबांनी मुकाट्यानं कमी केली. अडले ते काचऱ्यांवर. तव्यावर परतलेल्या, कडेनं लाल झालेल्या बटाट्याच्या काचऱ्या आमच्याकडे आठवड्यातून तीन-चारदा व्हायच्या आणि बाबा आधी त्या लाल कडांचे तुकडे वेचून खायचे. त्या जागी दुधी नाहीतर पडवळ आलं, की जेवण दहा मिनिटांत आटपायचं. मग दुपारी चारला बिस्किटांचा डबा उघडायचा. माझा जीव त्या चारच्या डब्यावर अडकला होता. जेवण मनासारखं झालं नाही तर पथ्य टिकणार नाही, हे मला दिसत होतं.

बाबांची नोकरी पुण्यात, खडकीच्या कारखान्यात झाली. तिथे त्यांचे एक मित्र कॅम्पात राहायचे. नाताळात त्यांच्या घरी जेवायला जाणं हा बाबांचा तीस वर्षांचा नेम होता, आणि तिथली बेकन घालून केलेली कोबीची भाजी त्यांच्या जिभेवर राहिली होती. एका रात्री सहज म्हणाले, "त्या कोबीत बटाटा नव्हता बघ." मी तेवढं धरून ठेवलं.

शनिवारी सकाळी वनाझहून मेट्रोत बसलो, सिव्हिल कोर्टाला गाडी बदलली आणि मंडईला उतरलो. कोबी कोथरूडमध्येही मिळतो, पण मंडईत गड्डा हातात घेऊन पारखता येतो आणि कोणी घाई करत नाही. आकाराच्या मानानं जड, दाबला तर न दबणारा, देठाचा काप पांढरा असलेला गड्डा घ्यायचा. देठ काळपट पडला असेल तर तो आधीच शिळा झालेला असतो. तिथून रिक्षानं कॅम्पात गेलो. बेकन म्हणजे डुकराच्या पोटाचं मांस मिठात मुरवून, बहुतेकदा धुरी देऊन टिकवलेलं. ते कोल्ड स्टोरेजच्या दुकानात गोठवलेल्या पाकिटात मिळतं. पहिल्या दुकानातल्या पाकिटात बर्फाचे खडे होते आणि सगळ्या पट्ट्या एकाच ढेकळात चिकटल्या होत्या. असा माल मध्येच वितळून परत गोठवलेला असण्याची शक्यता असते, म्हणून घेतला नाही. दुसरीकडे नीट सुट्या पट्ट्यांचं पाकीट मिळालं. त्याच्या मागचा बारीक मजकूर मी उभ्या उभ्या वाचला, कारण मुरवताना काही कंपन्या साखर किंवा डेक्स्ट्रोज (साखरेचाच एक प्रकार) घालतात, आणि मध लावलेलं बेकनही येतं. आपल्याला नेमकं तेच नको होतं.

पहिला प्रयत्न बिघडला. बेकन घाईघाईनं पाण्यात टाकून सोडवलं, तव्यात तेल कडकडीत तापवलं आणि पट्ट्या टाकल्या. तेल अंगावर उडालं. मांसाचा भाग दोन मिनिटांत काळा पडला आणि चरबी पांढरी, चिवटच राहिली. त्यावर बारीक चिरलेला कोबी, सवयीनं चमचाभर मीठ, आणि वर झाकण. दहा मिनिटांनी झाकण काढलं तेव्हा कोबी त्याच्याच पाण्यात शिजून मऊ पडला होता आणि घरभर उग्र वास सुटला होता. बाबांनी चार घास खाल्ले, दोन भांडी पाणी प्यायले. "मीठ फार झालंय रे," एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं. ते त्या जेवणाची वाट बघत बसले होते.

आई शाकाहारी. या भाजीसाठी मी तुळशीबागेतून बिडाचा वेगळा तवा आणला होता आणि तो तिच्या भांड्यांत मिसळणार नाही असा शब्द दिला होता. त्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली होती आणि सगळं बघत होती. रात्री मला म्हणाली, "त्या मांसाला स्वतःचं तेल सुटतं ना? मग ती तुझी फोडणी. फोडणीसारखंच वाग तिच्याशी. आणि कोबीवर झाकण कशाला ठेवलंस? झाकलं की वास आतच कोंडतो." मग थोड्या वेळानं विचारलं, "मोहरी चालते का त्यात?"

आईनं बेकन कधी चाखलेलं नाही. पण माझी भाजी जमली ती तिच्या या चार वाक्यांमुळे.

आता मी करतो ते असं. पाकीट आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवतो. आम्हा दोघांना चार पट्ट्या, साधारण ७० ग्रॅम, पुरतात. त्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून थंड तव्यावर पसरतो आणि मगच खाली मंद आच लावतो. तेल घालत नाही. पहिली काही मिनिटं काहीच घडत नाही आणि हात आच वाढवायला शिवशिवतो, वाढवायची नाही. मग तुकड्यांच्या कडेनं पाणी सुटतं आणि पांढरट फेस जमतो. मुरवताना मांसात गेलेलं पाणी आणि विरघळलेली प्रथिनं त्या फेसात असतात. पाणी आहे तोवर तडतड मोठी आणि बेताल असते. ते आटलं की आवाज बारीक होतो, एकसारखा, मोहरी संपता संपता येतो तसा. तिथून खरं काम सुरू होतं. पांढरी चरबी आधी काचेसारखी होते, मग कडेपासून सोनेरी. तुकडे आक्रसतात, तव्यात स्वच्छ, पातळ तेल उरतं. एवढ्याला दहा-बारा मिनिटं लागतात. तुकडे थाळीत काढून घ्यायचे आणि दोन छोटे चमचे तेल ठेवून बाकीचं वाटीत काढायचं.

त्या तेलात अर्धा चमचा मोहरी, ठेचलेल्या पाच-सहा लसूण पाकळ्या, एक सुकी मिरची. मोहरी या तेलातही छान फुटते आणि धुरीच्या वासाला तिचा तिखटपणा फार शोभतो. मग ३५० ग्रॅम कोबी. तो मी आता बारीक चिरत नाही, दीड-दोन बोटं रुंद पट्टे करतो. पानं आधी धुऊन, पंचावर पसरून कोरडी करून घेतो, कारण ओला कोबी तव्यावर परतला न जाता वाफवला जातो. आच मोठी, झाकण नाही, आणि दोन हप्त्यांत. एकदम सगळा घातला तर तवा थंड पडतो. सारखं ढवळायचंही नाही. मिनिटभर तसाच राहू दिला की खालची बाजू लाल होते, मग उलटायचा. पाच-सहा मिनिटांत पट्ट्याचा मधला भाग करकरीत आणि कडा भाजलेल्या. काचऱ्यांची कड हवी होती, ती अशी मिळाली. शेवटी बेकनचे तुकडे परत, मिरपूड, अर्ध्या लिंबाचा रस. मीठ चाखल्यावरच, बहुतेक वेळा लागतच नाही.

कार्बचा, म्हणजे ज्यांची रक्तात साखर होते त्या कर्बोदकांचा, हिशोब मी वहीत मांडून ठेवला आहे. १०० ग्रॅम कच्च्या बटाट्यात साधारण १७ ग्रॅम कार्ब असतात, कोबीत ६ च्या आत, आणि त्यातले अडीच ग्रॅम तंतू. बेकनमध्ये जवळजवळ नाहीतच. बाबांच्या वाटणीला येणाऱ्या पावणेदोनशे ग्रॅम कोबीत तंतू वजा करता सहाएक ग्रॅम पडतात. कांदा मी मुद्दाम घालत नाही, त्यात कोबीपेक्षा जास्त असतात. सोबत एक ज्वारीची भाकरी आणि काकडीची कोशिंबीर. निदान व्हायच्या आठवड्यात, तीन पोळ्या आणि काचऱ्यांच्या जेवणानंतर दोन तासांनी घरच्या ग्लुकोमीटरवर रक्तातली साखर २३१ दिसली होती. या जेवणानंतर पहिल्यांदा मोजली तेव्हा १५२. यात गोळीचा आणि चालण्याचाही वाटा आहे. पण बाबांनी तो आकडा स्वतःहून आईला नेऊन दाखवला.

दोन गोष्टी डॉक्टरांशी आधीच बोलून घेतल्या, आणि ज्यांच्या घरी गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी त्या नक्की बोलाव्यात. काही गोळ्या चालू असताना कार्ब एकदम कमी केले तर साखर फार खाली जाऊ शकते. बाबांचा डोस त्यासाठी एकदा बदलावा लागला. दुसरं म्हणजे बेकनमध्ये मीठ भरपूर असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या गटात घातलं आहे. म्हणून आमच्याकडे ही भाजी पंधरवड्यातून एकदाच होते. एरवी हाच कोबी, याच पद्धतीनं, शेंगदाण्याच्या तेलावर. चारचा बिस्किटांचा डबा मात्र रोजचा बंद झाला. त्यात आता फुटाणे असतात आणि तेही मूठभरच.

गेल्या रविवारी दोन्ही शेगड्या पेटल्या होत्या. एकीवर माझा बिडाचा तवा, दुसरीवर आईची कढई. तिनं माझ्यासारखेच रुंद पट्टे चिरले होते, झाकण न ठेवता मोठ्या आचेवर परतत होती, आणि मी बेकनचा फेस आटायची वाट बघत होतो. बाबा ताट घेऊन बसले. पहिल्यांदा त्यांनी लाल झालेल्या कडा वेचल्या, एकेक करून, आणि मग भाकरी मोडली.